मागची सफ

खोटंच सांगायचं असतं, तर मी रात्र निवडली असती.

हे दिवसाउजेडी घडलं. गुरुवार, १८ जानेवारी १९६८. वेळ असरची, म्हणजे दुपार कलतानाच्या नमाजेची. ठिकाण बिदिया. ओमानच्या आखाताकाठचं, खजुरीच्या बागांचं आणि कोळ्यांचं एक गाव. अमिराती नावाचा देश तेव्हा जन्मायचा होता.

मी मुंबईत वास्तुकलेच्या तिसऱ्या वर्षाला होतो. सुटीत दुबईला मामूंकडे आलो होतो. बिदियाची मशीद या किनाऱ्यावरच्या फार जुन्या मशिदींपैकी एक. दगडमातीची, चार घुमटांची. आणि ते चारही घुमट पेलणारा मधोमध एकच खांब. तिची रेखाटनं करायची आहेत, असं मी सगळ्यांना सांगितलं होतं.

ते खरं होतं. पण पुरतं नव्हतं.

माझा थोरला भाऊ लियाकत तीन वर्षांपूर्वी एका मचव्यातून या किनाऱ्याकडे निघाला होता. कागदपत्रांशिवाय. पोचल्याचं पत्र आलं नाही. बुडाल्याची खबरही आली नाही. रत्नागिरीजवळच्या आमच्या गावात अम्मा त्याची गायबाना नमाज होऊ देत नव्हती. मय्यत, म्हणजे मृतदेह, समोर नसताना पढायची ती जनाज्याची नमाज. आणि शहरबानू भाभी बायको होती की बेवा, हे तिला कुणीच सांगू शकत नव्हतं.

मी निघताना ती एवढंच म्हणाली होती, "मुनीर, तो उतरला का, तेवढं विचार."

बदरुद्दीन मामू एका व्यापाऱ्याची लँडरोव्हर चालवत. पहाटे निघालो. रस्ता नव्हताच, डोंगरांमधले कोरडे ओढे होते.

"घुमट बघायला एवढी हाडं खिळखिळी करायची?" मामू म्हणाले. "आपल्या गावच्या मशिदीलाही खांब आहेत. त्यांचं चित्र कधी काढलं नाहीस ते!"

"ते साधे आहेत, मामू."

"आणि आम्ही पण साधेच, म्हणून आमचंही काढत नाहीस. यल्ला, दरवाजा धरून बस. तो मध्येच उघडतो."

बिदियाला हमदुल्ला नावाचा म्हातारा कोळी भेटला. उमेदीत मुंबईच्या गोदीत राहिलेला, म्हणून हिंदी जाणणारा. मामूंनी त्याला लियाकतबद्दल विचारलं.

जाळ्याची गाठ सोडवत त्यानं सांगितलं.

"मचवेवाले किनाऱ्याला लागत नाहीत, भाई. अंधेरे में बोलते हैं, उतरो, पानी कमर तक है."

"आणि असतं?" मी विचारलं.

"कभी कभी." त्यानं समुद्राकडे पाहिलं. "जो चलके आया, वो दुबई गया. जो लहर के साथ आया, उसको हमने दफनाया, नमाज पढी. जो मिला ही नहीं... उसकी कौन पढता?"

पेट्रोल आणायला मामू जवळच्या खोर फक्कान गावाला गेले आणि मी मशिदीमागच्या टेकडीवर चढलो. वरून चार घुमट दिसत होते. वाळूत कुणी चार ओंजळी पालथ्या घालून विसरून गेल्यासारखे. असरची अजान झाली. माणसं आली, आत गेली, बाहेर पडून बागांकडे पांगली. रेखाटन संपवून मी खाली उतरलो, तेव्हा दारात एकही चप्पल नव्हती.

मी माझ्या चपला काढल्या. आत गेलो. एकटाच.

आत गारवा होता. भिंतीतल्या झरोक्यांतून उजेड येत होता, पण खांबापाशी पोचेपर्यंत थकत होता. बाहेर समुद्राची गाज होती.

मी किबल्याकडे, म्हणजे मक्केच्या दिशेला तोंड केलं, नमाजेचा संकल्प म्हणून नियत बांधली, हात बांधले.

आणि गाज थांबली...

हळूहळू नाही. दार लोटल्यासारखी.

मग माझ्या उजव्या खांद्यावर... एक हात पडला.

हलकेच. दोनदा.

आमच्यात याचा अर्थ लहान पोरालाही कळतो. एकट्यानं नमाज पढणाऱ्याच्या खांद्यावर उशिरा आलेला माणूस असा हात ठेवतो. मी तुझ्यामागे उभा राहतोय, आता तू इमाम. मागं वळायचं नसतं. फक्त तकबीर मोठ्यानं म्हणायची.

मला बरंच वाटलं. कुणीतरी आलं होतं.

"अल्लाहु अकबर," मी मोठ्यानं म्हणालो आणि रुकूत वाकलो.

मागं कुणी वाकलं नाही.

कपड्यांची सळसळ नाही. गुडघ्यांचा आवाज नाही. फक्त श्वास... उभ्या माणसाच्या उंचीवर.

मी सजद्यात गेलो. कपाळ चटईला टेकलं. श्वास तसाच, माझ्या खूप वर. आता तो एक नव्हता. दोन होते... पाच होते... या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एक अख्खी सफ, नमाजींची रांग, खांद्याला खांदा लावून उभी होती.

कुणीच वाकत नव्हतं.

रुकू नाही, सजदा नाही, नुसतं उभं राहायचं, अशी नमाज एकच असते.

जनाज्याची.

त्या नमाजेत मय्यत सफीच्या पुढं ठेवलेली असते. त्यांच्या पुढं... मी होतो.

प्रवाशासाठी कमी केलेली दोन आवर्तनं, म्हणजे दोन रकाती, मी कशा पुऱ्या केल्या, ठाऊक नाही. शेवटी उजवीकडे मान वळवून सलाम फेरला. भिंत. डावीकडे फेरला. भिंत. मागं फक्त तो खांब होता. आणि गाज परत सुरू झाली होती.

दारात माझ्याच चपला.

ते माझी नमाज पढत होते, की आपली मागत होते? मी पुन्हा उभा राहिलो. जनाज्याच्या नमाजेला चार तकबिरी, इतकंच तर होतं. पण नियतेत लियाकतचं नाव घ्यायचं, म्हणजे मीच त्याला बुडवायचं. कानापर्यंत गेलेले हात खाली आले.

बाहेर मामूंचा हॉर्न वाजला. मी पळालो.

गावी परतल्यावर भाभीला सांगितलं. ती बांगडे साफ करत होती. हात थांबवून तिनं सगळं ऐकलं.

"कुणाचा आवाज ओळखलास?"

"आवाज नव्हताच, भाभी. नुसते श्वास."

तिचे खांदे सैलावले. ती चक्क हसली.

"मग तो नव्हता. तुझ्या भावाला गप्प उभं राहणं कधी जमलंय? जुम्म्याच्या नमाजेतसुद्धा खाकरायचा. सगळी मशीद वळून बघायची."

ती बेवेच्या इद्दतीला, त्या चार महिने दहा दिवसांच्या सुतकाला, कधीच बसली नाही. अम्मा गेली, मामू गेले, भाभीचे केस पिकले. दर ईदला ती एक ताट जास्त वाढायची, आणि मी त्या ताटाकडे न बघता जेवायचो.

कारण तिला मी एक गोष्ट सांगितली नव्हती.

दुसऱ्या रकातीत, मी रुकूत वाकण्याआधी... सफीच्या उजव्या टोकाला कुणीतरी खाकरलं होतं.

कुणीही खाकरू शकतं, असं मी स्वतःला समजावतो.

मग आठवतं... तिथं कुणीही नव्हतं.