एकाआड एक शब्द

सोयरीक जुळण्याआधी मुलाची चौकशी करून देणं, हा पुष्पांजली डोंगरवारचा गोंदियातला धंदा. घनश्याम तिची गाडी चालवायचा आणि जमेल तेवढं डोकंही. त्या सकाळी आचल आली, तेव्हा त्याला वाटलं, हिच्या लग्नाचंच काम असणार.

“लग्नाचं नाही ताई, माझ्या प्रयोगाचं आहे,” ती म्हणाली.

ती मानसशास्त्र शिकत होती. संगीत सुरू असताना जास्त लक्षात राहतं की शांततेत, हे तिला आणि तिचा वर्गमित्र हिमांशु याला तपासायचं होतं. काल जवळच्या दवनीवाडा गावातल्या समाजमंदिरात त्यांनी भाताच्या रोवणीला जाणाऱ्या सोळा बाया बोलावल्या. आठ जणींना आचलने शांत खोलीत वीस शब्द वाचून दाखवले. उरलेल्या आठ जणींना तेच शब्द, पण बासरीवर रोवणीच्या गाण्याची चाल लावून, तालात. मग हिमांशूने एकेकीला ओसरीवर बोलावून, आठवतील ते शब्द सांगायला लावले.

“शांत खोलीतल्या कुणाला सात आठवले, कुणाला नऊ. पण गाण्याच्या खोलीत आठही जणींना बरोबर दहा-दहा. चौघींना पहिला, तिसरा, पाचवा असे. चौघींना दुसरा, चौथा, सहावा. इकडचा एक शब्द तिकडे नाही.”

घनश्यामने बोटांवर मोजून पाहिलं आणि सोडून दिलं.

“आमचे मार्गदर्शक केशोराव सर म्हणतात, कुणीतरी शब्द आधीच वाटून पढवले. कुणी ते आज संध्याकाळपर्यंत सांग, नाहीतर प्रकल्प रद्द. माझं वर्ष जाईल, ताई.” ती म्हणाली. “शब्द फक्त आम्हा दोघांना माहीत होते. आणि मी काही केलं नाही.”

म्हणजे हिमांशूने केलं. घनश्यामच्या लेखी केस संपली होती. पुष्पांजलीने मात्र त्याला गाडी काढायला सांगितली.

हिमांशु समाजमंदिराच्या पायरीवर तोंड पाडून बसला होता.

“मी कायले पढवीन, मॅडम? मले तं त्या बायांची नावंबी माहीत नाही.”

“शब्द सांगताना त्या कशा सांगत होत्या?”

“लय टाइम खाल्ला. एक शब्द सांगे, मंग थांबे, आतल्या दरवाजाकडं पाहे, मंग दुसरा. शांत खोलीतल्या भडाभडा बोलून मोकळ्या झाल्या.”

थांबून थांबून बोलणारा माणूस खोटं बोलतो, असा घनश्यामचा अनुभव होता. पण इथे आठही बाया थांबत होत्या. त्याचं डोकं गरगरायला लागलं.

शांतीबाई ही रोवणीच्या बायांची म्होरकी. ती दारात तांदूळ निवडत बसली होती.

“शब्द तुम्हाला आधी कुणी शिकवले?” पुष्पांजलीने विचारलं.

“कोन शिकवते? पोरीनं वाचले, आमी आयकले.”

“बसल्या कशा होत्या?”

“चौघी इकडं, चौघी तिकडं, समोरासमोर. गान्याले आमी तशाच बसतो.”

“मग सगळे शब्द काऊन नाही सांगितले?”

शांतीबाईला हा प्रश्नच येडपटासारखा वाटला असावा. “आमचं आमी बराबर सांगतलं. दुसऱ्याच्या कामात आमी तोंड नाही घालत.”

“ऐकलं ना ताई?” घनश्याम कुजबुजला. “मतलब शब्द वाटलेच होते.”

“वाटले होते, हे खरं,” पुष्पांजली म्हणाली आणि तिने केशोराव सरांना फोन लावला.

दुपारी सगळे समाजमंदिरात जमले. सर हाताची घडी घालून उभे राहिले.

“सर, कुणाला फसवायचंच असतं, तर त्याने वीसच्या वीस शब्द पढवले असते. अर्धे पढवून काय मिळणार?” पुष्पांजली म्हणाली.

“मग हा हिशेब जुळतो कसा?”

“रोवणीचं गाणं एकटं कुणी म्हणत नाही. भाताच्या बांधीत कंबर वाकलेली असते, श्वास पुरायला हवा. अर्ध्या जणी एक ओळ म्हणतात, उरलेल्या पुढची उचलतात. आचलने तीच चाल लावली, शब्दही तालात टाकले, आणि बाया नेहमीसारख्या समोरासमोर बसल्या. पहिला शब्द या बाजूने घेतला, दुसरा त्या बाजूने. मुद्दाम कुणी काही ठरवलं नाही. ओसरीवर त्या थांबत होत्या, ते समोरच्या बाजूचा शब्द होऊन जावा म्हणून. समोरची बाजू आत होती, म्हणून नजर दरवाजाकडे. शांत खोलीत चाल नव्हती, म्हणून वाटणीही नव्हती.”

“हा तुमचा अंदाज झाला.”

पुष्पांजलीने शांतीबाईकडे पाहिलं. आठ बाया समोरासमोर बसल्या. शांतीबाईने टाळीचा ठेका धरला.

“दिवा,” इकडच्या चौघी म्हणाल्या.

“कुलूप,” तिकडच्या चौघी.

“चिखल.”

“आरसा.”

विसाव्या शब्दापर्यंत एकीचीही जीभ अडखळली नाही. सरांच्या हाताची घडी कधीच सुटली होती.

“एकेकीची स्मृती मोजायला निघालो आपण,” ते हळूच म्हणाले. “प्रयोगाची मांडणी चुकली, पण कुणी खोटं केलेलं नाही. असंच लिहा आणि नव्याने मांडा. मी सही करतो.”

“पण मग वीस शब्द आठवले कोणाले?” घनश्यामने विचारलं.

आचलचे डोळे भरून आले होते. ती हिमांशूजवळ गेली. खरं सांगितल्याशिवाय तिला राहवेना.

“आज मी सरांना तुझं नाव सांगणार होते.”



“मी तुझं,” हिमांशु म्हणाला. “सरांनी मलेबी संध्याकाळपर्यंतच टाइम देला होता.”