माझ्या बाजूचा क्लच

“तुमच्या क्लच प्लेट जळतायत.”

गाडीच्या खिडकीशी वाकून एक अनोळखी मुलगा मला हे सांगत होता, आणि माझं डोकं आधीच तापलेलं होतं. शिवाजी पार्कच्या कट्ट्याजवळ वैदेहीकाकूंनी तिसऱ्यांदा गाडी बंद पाडली होती. वैदेहीकाकू माझ्या विद्यार्थिनी, वय छप्पन्न, उत्साह सोळाचा. मागे एक टॅक्सीवाला हॉर्नवर हात ठेवूनच बसला होता. ऑक्टोबरचा उकाडा, गाडीचा एसी बंद, आणि त्यात हा!

“वास येतोय,” तो म्हणाला. “अजून फार चालणार नाहीत. म्हणजे... माझा अंदाज.”

“मेकॅनिक आहात?”

“नाही. मी क्लच डिझाइन करतो. कंपनीत.”

“गाडी चालवता येते?”

बघता बघता त्याचे कान लाल झाले.

“नाही,” तो म्हणाला.

वैदेहीकाकू खो खो हसत सुटल्या. मी मात्र हसले नाही. “मग बाजूला व्हा, आम्हाला शिकायचंय,” असं म्हणून मी काच वर केली. रात्री जेवताना त्याचे ते कान आठवले आणि वरणभाताचा घास तोंडात असताना हसू आलं. आई म्हणाली, “काय गं मित्रा, बरी आहेस ना?”

मी संघमित्रा. नायगावात वाढले, काळाचौकीत सीताराममामाची मोटर ट्रेनिंग स्कूल आहे तिथे शिकवते. मामाकडे दोन गाड्या, दोन शिक्षक; एक तो, एक मी. माझ्या हाताखालचा एकही विद्यार्थी टेस्टमध्ये नापास झालेला नव्हता आणि ही गोष्ट मी स्वतःच सगळ्यांना सांगत असे.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो ऑफिसात हजर. गाडीच्या टपावरच्या पाटीवरचा नंबर त्यानं लक्षात ठेवला होता.

“ध्रुव,” त्यानं नाव सांगितलं. “लर्निंग लायसन्स दोनदा काढलं, दोनदा संपलं. हे तिसरं. अठरा तारखेला टेस्ट आहे. आणि मॅडम, एक विनंती... मला गाडी येत नाही हे आमच्या ऑफिसात कोणाला माहीत नाही.”

“क्लच बनवता आणि क्लच सोडता येत नाही?”

“कागदावर येतो,” तो म्हणाला.

आता हसू आवरलं नाही.

शिकवणीच्या गाडीत माझ्या पायाशीही एक क्लच आणि एक ब्रेक असतो. आमच्या गाडीत दोन्हीकडचे क्लच खालून एका दांड्यानं जोडलेले आहेत. विद्यार्थ्यानं दाबला की माझाही खाली जातो, आणि मी धरून ठेवला तर त्याचाही वर येत नाही. त्यामुळे शेजारच्याचा पाय मला माझ्या तळपायाला कळतो. घाबरलेला पाय थरथरतो. आगाऊ पाय धाडकन सुटतो. ध्रुवचा पाय विचार करत बसायचा!

“क्लच सोडा.”

“सोडतोय.”

“कधी? दिवाळीला?”

“मॅडम, प्लेट एकमेकींना टेकताना घर्षण किती होईल याचा...”

“घर्षण राहू द्या. मागे बस आहे.”

मी मुळात उतावळी. पण त्याच्याबरोबरचा एक तास कधी संपायचा ते कळायचं नाही आणि उरलेले तेवीस तास काही केल्या सरायचे नाहीत. हे काय होतंय ते मला कळत होतं. म्हणूनच जास्त चिडचिड व्हायची. मामावर चिडायचे, वैदेहीकाकूंवर चिडायचे, सिग्नलवर सुद्धा चिडायचे.

पाचव्या दिवशी लालबागच्या मार्केटपाशी समोर अचानक हातगाडी आली आणि मी ओरडले, “अरे ब्रेक मार ना, बघतोस काय!”

गाडी थांबली. हातगाडीवाला आम्हाला दोन शब्द सुनावून गेला.

“‘तू’ म्हणालात मला,” ध्रुव समोर बघत म्हणाला.

“चुकून.”

“राहू दे ना... चुकून तर चुकून.”

मग ‘तू’च राहिलं.

त्याच आठवड्यात करी रोडच्या पुलाचा चढ आला. नवशिक्याचा खरा कस तिथे लागतो. चढावर थांबलेली गाडी उठवायची तर क्लच अगदी सावकाश सोडावा लागतो. ध्रुवनं एकदा बंद पाडली, दोनदा बंद पाडली. मागून शिव्या सुरू झाल्या. त्याच्या कपाळावर घाम आला आणि चेहरा इतका पडला की मला बघवेना. तिसऱ्या वेळी त्याचा पाय सुटू लागला तेव्हा मी माझ्या बाजूचा क्लच हलकेच धरून ठेवला. त्याचा पाय वर आला, पण पेडल माझ्या पायाखालून हळूहळू सुटत गेलं. गाडी मुकाट्यानं चढ चढली.

“जमलं!” तो ओरडला. “मित्रा, जमलं मला!”

त्याचा तो चेहरा... काय सांगू. मी दुसऱ्या दिवशीही तेच केलं. तिसऱ्या दिवशीही.

एका संध्याकाळी शिकवणीनंतर आम्ही भारतमाता टॉकीजपाशी उसाचा रस घेत उभे होतो. मी विचारलं, “तू नक्की बनवतोस तरी काय?”

त्यानं तळहातावर तळहात ठेवला. “ही प्लेट. वापरून वापरून झिजते. तुझ्या गाडीत झिजली की पेडल वर येतं, पायाला लगेच कळतं. हो ना?”

“दर दोन महिन्यांनी क्लच वायरचा नट फिरवावा लागतो.”

“तेच. आम्ही आत एक रिंग बसवतो. प्लेट जेवढी झिजेल तेवढी ती आपली आपण फिरते आणि जागा भरून काढते. पेडल पहिल्या दिवसासारखंच राहतं. ड्रायव्हरला काही कळतच नाही.”

“म्हणजे फसवता त्याला.”

“फसवत नाही गं, सांभाळून घेतो.”

“आणि प्लेट पार संपली की?”

“मग एकदम कळतं,” तो म्हणाला आणि ग्लास ठेवून जरा थांबला. “एक तारखेपासून मला चाकणला बोलावलंय. टेस्ट ट्रॅकवर. आपण बनवलेला क्लच आपणच चालवून बघायचा. चार वर्षं मागतोय मी ही जागा. लायसन्स मिळालं तर... नाही तर दुसऱ्याला देतील.”

“छान,” मी म्हटलं.

मला अजिबात छान वाटलं नव्हतं. तो शिकला की जाणार होता आणि त्याला शिकवणारी मीच होते. त्या रात्री झोप नाही आली. सकाळी उठले तेव्हा ठरवलं होतं की आजपासून त्याच्या क्लचला पाय लावायचा नाही. संध्याकाळी पूल आला, त्यानं माझ्याकडे बघून “बघ हं आता” म्हटलं, आणि माझा पाय आपोआप गेला. ते दुसऱ्या दिवशीही झालं, आणि मग रोजच.

अठरा तारखेला ताडदेवच्या आरटीओत टेस्ट. गाडी आमचीच होती, पण माझ्या जागी इन्स्पेक्टर बसले, पेडलपासून पाय मागे घेऊन. मी मागच्या सीटवर. आठचा आकडा ध्रुवनं झकास काढला. मग चढावर गाडी थांबवायला सांगितली आणि पुढे न्यायला सांगितली.

गाडी गचका खाऊन बंद पडली. पुन्हा सुरू केली, पुन्हा बंद पडली. तिसऱ्यांदा ती मागे घसरली, तेव्हा इन्स्पेक्टरांनीच ब्रेक मारला.

“सात दिवसांनी या,” ते म्हणाले. तेही चांगल्या आवाजात म्हणाले, म्हणून जास्त लागलं.

“घाबरलो असेन,” ध्रुव परतताना म्हणत होता. “रोज तर जमत होतं. ऑफिसात साहेबांना आता सगळं सांगावं लागेल...”

मी खिडकीबाहेर बघत राहिले.

मामा म्हणाला, “होतं गं असं, एखादा घाबरतो.” मी मान हलवली. घरी आले, जेवले नाही. गप्प राहिले असते तर कुणाला काही कळलं नसतं. पण दोन मिनिटं एका जागी बसवेना. चाळीच्या गॅलरीत या टोकापासून त्या टोकापर्यंत इतक्या फेऱ्या मारल्या की शेजारची लक्ष्मी विचारायला आली, काही हरवलंय का.

दुसऱ्या दिवशी तो आला. साहेब हसले होते म्हणे, पण त्यांनी महिनाअखेरपर्यंत मुदत दिली होती. तो किल्ली लावणार तेवढ्यात मी म्हटलं, “थांब. तुला चढ कधी जमतच नव्हता. मी माझ्या बाजूनं क्लच धरत होते.”

तो माझ्याकडे बघत राहिला. मग खाली, माझ्या पायांकडे.

“किती दिवस?”

“पुलाच्या पहिल्या दिवसापासून.”

“रोज?”

“रोज.”

बाहेर मंडळाची पोरं मांडवाचे राहिलेले बांबू टेम्पोत भरत होती, त्यांचा आवाज येत होता.

“चार वर्षं मी हेच करतोय,” तो शेवटी म्हणाला. “ड्रायव्हरला कळू नये याची व्यवस्था. आज पहिल्यांदा कळलं ड्रायव्हरला कसं वाटत असेल ते.”

“ध्रुव...”

“चाकणचं माहीत होतं तुला. मी जाऊ नये म्हणून केलंस?”

“सुरुवातीला नाही. तुझा चेहरा बघवत नव्हता, म्हणून.”

“आणि नंतर?”

मी उगाच डॅशबोर्ड पुसायला लागले. एरवी सगळ्यांना बोलून गप्प करणारी मी! तो दार उघडून उतरला आणि चालत निघून गेला.

दोन दिवस तो आला नाही. त्या दोन दिवसांत मी वैदेहीकाकूंना डावीकडे वळा म्हणून उजवा हात दाखवला, दोनदा. फोन हातात घ्यायचे, ठेवायचे. लिहायचे, पुसायचे. पाचच्या ठोक्याला ऑफिसच्या दाराकडे बघायचं नाही असं ठरवायचे आणि पावणेपाचपासून बघत बसायचे.

तिसऱ्या दिवशी तो आला. नमस्कार नाही, हसू नाही. गाडीत बसून पट्टा लावला आणि म्हणाला, “पाय वर घे.”

मी चपला काढून सीटवर मांडी घातली.

पुलावर त्यानं सात वेळा गाडी बंद पाडली. सात वेळा! एक पोलीस येऊन बघून गेला. माझे हात पदर असल्यासारखे कुर्त्याचं टोक पिळत होते. पाय शिवशिवत होते. तोंडातून ब्र काढला नाही. आठव्यांदा इंजिनाचा आवाज जड झाला, गाडीचं नाक जरासं उचललं गेलं, त्यानं पाय तिथेच थांबवला, आणि आम्ही वर गेलो.

“हा आहे होय क्लच,” तो स्वतःशीच पुटपुटला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, “इंजिनिअर असून इतके दिवस कळलं नाही मला. लक्ष कुठे होतं ते विचारू नकोस.”

मी विचारलं नाही. पण गाल गरम झाले.

सव्वीस तारखेला तो पास झाला. चढावर गाडी पहिल्याच वेळेला उठली. इन्स्पेक्टरांनी सही केली आणि मी आरटीओच्या अंगणात सगळ्यांसमोर टाळ्या वाजवल्या. मग आठवलं की पाच दिवसांनी तो नसेल, आणि टाळ्या वाजवता वाजवता डोळे भरून आले. तेही सगळ्यांसमोर.

परतताना तोच चालवत होता. मी शेजारी. लालबागच्या सिग्नलला गाडी थांबली. सत्तर सेकंद, आकडे उतरत होते. याला जे सांगायला हवं होतं ते मी इतके दिवस न बोलता पायानं करत आले होते, आणि त्यापायी त्याचं नुकसान झालं होतं. आता बोलायलाच हवं होतं.

“तू विचारलं होतंस ना,” मी म्हटलं, “आणि नंतर? म्हणून.”

“हं.”

“नंतर... हो. तू जाऊ नयेस असं वाटत होतं मला. म्हणून पाय काढला नाही. चूक केली, फार वाईट केलं. तू जा चाकणला, जायलाच हवं. पण मला तू आवडतोस, ध्रुव. खूप. हे तुला माझ्याकडूनच कळायला हवं होतं.”

सिग्नल हिरवा झाला. ध्रुवनं माझ्याकडे बघितलं, क्लच सोडला आणि गाडी धाडकन बंद पडली.

मागून हॉर्न सुरू झाले. बस, टॅक्सी, टेम्पो, सगळे एकदम. तो किल्ली फिरवायचं सोडून हसत होता आणि कान पुन्हा लाल झाले होते.

“असं सिग्नलला सांगतात होय?” तो म्हणाला. “निदान न्यूट्रलला तरी टाकू द्यायचीस.”

“लवकर चालू कर, मार खाऊ आपण.”

“मलाही आवडतेस. ज्या दिवशी काच वर केलीस ना, त्या दिवसापासून.” त्यानं किल्ली फिरवली. इंजिन चालू झालं. “दर रविवारी येईन मी. गाडी घेतो एक जुनी.”

“एक्सप्रेसवेनं? घाटातून? एकट्यानं?” माझा आवाज चढला. “नवीन हात आहे तुझा. पहिल्यांदा मी येते तिकडे, मग मी शेजारी बसते, आणि—”

“मित्रा.”

“काय?”

“मीच येणार. एकटा.”

मला घाट दिसत होता, ट्रक दिसत होते, त्याचा विचार करणारा पाय दिसत होता. हजार सूचना ओठांवर आल्या होत्या. मागचा टॅक्सीवाला आता खाली उतरण्याच्या बेतात होता.

“ये,” मी म्हटलं.