शेंदूर लावलेली नळी

माझ्या धाकट्या भावाला, मच्छिंद्रला, मुलगी झाली आणि बारशाला घागरभर पाणी मिळेना, ते बहात्तरच्या दुष्काळामागून आलेल्या उन्हाळ्याचं तोंड होतं. भूमच्या वरच्या अंगाला असलेल्या आमच्या गावातल्या विहिरी खडखडीत पडल्या होत्या. पाणी उरलं होतं एकाच जागी, डोंगरातल्या कपारीत, आत खडकातून ठिबकणारं. आणि तिथं एक लंगडं वाघरू येऊन बसलं होतं. त्यानं शेजारच्या सरुबाईला पाणी भरतानाच मारलं, तेव्हापासून कुणी बाई तिकडं फिरकेना. वाघरू हटलं नाही तर गाव उठणार होतं, आणि मच्छिंद्रला ओली बाळंतीण गाडीत घालून निघावं लागणार होतं.

म्हणून आम्ही तिघं निघालो. मी, मच्छिंद्र आणि तात्याराव. तात्याराव तरुणपणी हैदराबादेत एका जहागीरदाराच्या शिकारखान्यात होते. तिथून त्यांनी एक नवलाची बंदूक आणली होती. नळी खाली वाकवून मागून काडतूस घालायचं, नळी परत मिटायची, एका वेळी एकच गोळी उडायची, पण सांगाडा एक आणि नळ्या दोन! खीळ काढली की लांब नळी निघायची, तिच्या जागी वीतभर आखूड नळी बसायची. मागचा दस्ता काढून मूठ लावली की बंदुकीचं पिस्तूल. वाघरू मारायची परवानगी जिल्ह्याहून आली होती.

चढाला लागल्यावर मच्छिंद्रनं विचारलं, "तात्या, आखूड नळी कधी वाजवलीय का?"

"तिचं काम देव्हाऱ्यात. दर खंडेनवमीला तेल-शेंदूर लावतो म्या तिला. लांब नळी रानात फिरती, तिला कुठं सोवळ्यात ठेवू?"

"म्हंजी एक कामाची अन् एक पूजेची."

"तुमच्या वस्तीनं सोडलं देव पुजायचं. आमी न्हाय सोडलं."

"सोडलं म्हणून तर इचारतोय," मच्छिंद्र म्हणाला, आणि तात्याराव हसले.

डोंगर उघडाबोडका होता. बोरी-बाभळींच्या नुसत्या काट्या राहिल्या होत्या, पायाखालची माती राखेसारखी उडत होती आणि एवढ्या मोठ्या रानात एक पाखरू बोलत नव्हतं. ऊन डोक्यावर आलं तेव्हा कपार समोर दिसली. तिच्या तोंडाशी वाघरू सावलीला पसरलं होतं. तात्यारावांनी लांब नळीनं नेम धरला. बार झाला. वाघरू उसळलं, पोटात गोळी घेऊन आत शिरलं.

आता परत फिरता येत नव्हतं. जखमी जनावर मरेपर्यंत पाण्यावरच बसलं असतं.

कपार माणसाच्या खांद्यांएवढीच रुंद, आणि आत वळलेली. तात्यारावांनी बंदूक आत घातली तर नळी दोन्ही बाजूंच्या खडकाला अडू लागली.

"ही वळायची न्हाय. नळी बदलतो. तोंड सांभाळा."

मच्छिंद्रनं घोंगडी डाव्या हाताला गुंडाळली, खडीच्या कामावरची पहार उजव्या हातात घेतली आणि तोंडाशी उभा राहिला. मी कुऱ्हाड घेऊन त्याच्या मागं. तात्यारावांनी खीळ काढली, लांब नळी खाली ठेवली. आता आमच्याजवळ बंदूक नव्हती, बंदुकीचे तुकडे होते.

दस्ता काढून मूठ चढवली, आखूड नळी लावली. खीळ ठोकून बसवली, काडतूस घातलं. पण नळी मिटेना. वर्षानुवर्षांचा शेंदूर तिच्या खाचेत दगडासारखा धरला होता. नखभर फट राहत होती.

"तशीच उडवा," मी म्हणालो.

"तशी उडवली तर माझंच तोंड जाईल." त्यांनी चाकू काढला, खरवडायला लागले. लाल खपल्या धोतरावर पडू लागल्या.

मच्छिंद्र मान न वळवता बोलला, "तात्या, तुमच्या देवानं तर तिचं तोंडच बांधलं की."

"गप रं. खरवडतोय न्हवं."

"खरवडा निवांत. म्या हाय हितं."

आत गुरगुर झाली. मग थांबली. मग वाघरू आलं!

मच्छिंद्रनं पहार पुढं केली. ती निसटली. वाघरानं घोंगडीचा हात धरला, नखं खांद्यात रुतवली. दोघं खडकावर आदळले. मी कुऱ्हाड उगारली, पण घालू कुठं? खाली भाऊ होता. मागं टक् असा आवाज आला. नळी मिटली होती. तात्याराव मला ढकलून पुढं घुसले, पिस्तूल वाघराच्या कानाला लावलं आणि उडवलं.

कपारीत धूर भरला. वाघरू पडलं ते हाललं नाही.

मच्छिंद्रचा खांदा उघडा पडला होता. तो म्हणाला, "दादा, पाणी हाय का बघ."

मी आत गेलो. सरुबाईची घागर ठिबकणाऱ्या धारेखाली तशीच होती. भरून वाहत होती. तीच बाहेर आणली. तो पोटभर प्याला. तात्याराव त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते, त्यांच्या नखांत शेंदूर होता. घोंगडीची झोळी करून आम्ही त्याला सडकेला आणलं, एस्टीनं भूमला नेलं.

गाव उठलं नाही. मुलीचं बारसं कपारीच्या पाण्यावर झालं. पुढच्या खंडेनवमीला तात्यारावांनी दोन्ही नळ्या रॉकेलच्या फडक्यानं पुसल्या आणि कोरड्याच देव्हाऱ्यापुढं ठेवल्या.

मच्छिंद्र जखमा चिघळून त्र्याहत्तर सालच्या गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी वारला. तात्याराव एकोणऐंशी साली वारले.