डावीकडची सीट

ही गोष्ट खरी आहे. पटवून द्यायला मी बसलेली नाही, कारण मला स्वतःलाच ती अजून नीट पटलेली नाही.

तारीख मात्र पक्की सांगते. १२ जानेवारी २०२५, रविवार. सकाळचे पावणेसात. लखनौबाहेर, मोहनलालगंजच्या बाजूला नहरेच्या, म्हणजे कालव्याच्या, काठाने जाणारा रस्ता. बॉनेटच्या पुढचं काही दिसत नव्हतं इतकं धुकं.

यंदाचं धुकं परवापासून पडायला लागलंय, म्हणून लिहून टाकतेय.

मी मंजिरी, मूळची सांगलीची. इथल्या एका औषध संशोधन संस्थेत सतरा वर्षं काम करते. नवरा हृषीकेश रेल्वेत इंजिनिअर. मुलगी मुक्ता दहावीत, तिला मराठी सगळं कळतं पण उत्तर हिंदीत देते. आम्ही वृंदावन योजना नावाच्या वसाहतीत दुसऱ्या मजल्यावर राहतो.

माझा स्वभाव संशयी आहे. एकच रीडिंग दोनदा घेतल्याशिवाय मला चैन पडत नाही, आणि घरीही मी तशीच. हृषीकेश म्हणायचा, तू एक दिवस माझंही सँपल काढून नेशील.

तर, गाडी.

दिल्लीत पंधरा वर्षं झालेल्या पेट्रोल गाड्यांना बंदी आहे, म्हणून लोक त्या बाहेरगावी विकतात. तशीच एक जपानी स्पोर्ट्स सेडान हृषीकेशने उचलली. मॉडेल सांगत नाही. शौकीन ओळखतील आणि बिचारी गाडी उगाच बदनाम होईल.

मग सहा महिने दर रविवारी शकीलभाईंचं गॅरेज. गाडीची उंची कमी केली, जास्त ताकदीसाठी इंजिनला टर्बो लावला, मागची चाकं एका झटक्यात अडकवणारा उंच हँडब्रेक दोन सीटांच्या मधे बसवला. आणि शेवटी दोन बकेट सीट आल्या. दिल्लीच्या भंगार बाजारातून, कुठल्याशा रॅलीच्या गाडीतून काढलेल्या. खांद्यावरून दोन आणि कमरेला दोन असे पट्टे असलेल्या.

कुणाची गाडी, तिचं काय झालं, हे त्याने विचारलंच नाही. या गाडीवेड्या मंडळींची ही रीतच आहे. पार्ट फिट बसतोय ना, एवढंच पाहायचं.

संशय मला टर्बोमुळे आला.

टर्बोची गाडी जोरात पळवून आणली की लगेच बंद करायची नसते म्हणे. दोन मिनिटं इंजिन नुसतं चालू ठेवून बसायचं, टर्बो थंड होऊ द्यायचा. हृषीकेश रोज पहाटे जवळच, आणि रविवारी लांब नहरेच्या रस्त्याने, चक्कर मारून यायचा आणि खाली ती दोन मिनिटं बसून राहायचा.

मी चहा घेऊन बाल्कनीत उभी असायची.

एक दिवस पाहिलं तर त्याचे ओठ हलत होते.

डाव्या सीटकडे तोंड करून तो बोलत होता. मधे थांबत होता, ऐकत होता, मान डोलावत होता.

फोनवर असेल, म्हणून मी त्याचा फोन पाहिला. हो, पाहिला, त्यात लपवण्यासारखं काय आहे. त्या वेळेला एकही कॉल नव्हता.

दुसऱ्या दिवशी मुक्ता माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. खाली बघत म्हणाली, "मम्मी, पापा किससे बात करते हैं?"

म्हणजे हा माझा एकटीचा भास नव्हता.

त्या दुपारी चावी घेऊन मी खाली उतरले. डावी सीट रिकामी होती, पण तिचे पट्टे...

चारही लावलेले होते.

रिकाम्या सीटवर कुणी पट्टे लावून ठेवतं का? मी ते उघडले. सकाळी पुन्हा लावलेले. पुन्हा उघडले, पुन्हा लावलेले. असं पाच दिवस चाललं. सहाव्या दिवशी मी स्वतः बसून पट्टे लावून पाहिले, तर ते माझ्या अंगाला पुरेनात. कुणा बारीक माणसाच्या मापाने आवळलेले होते.

खरं सांगते, तेव्हा मला भीती वाटली नाही. राग आला. कुणीतरी बारीक अंगाची रोज पहाटे माझ्या नवऱ्याच्या शेजारी बसते, एवढंच माझ्या डोक्यात होतं. सीटच्या कडेला शिवलेल्या कप्प्यात हात घातला तर पेन्सिलीचा तुकडा निघाला. टोक ताजं तासलेलं होतं.

रात्री जेवताना मी सरळ विचारलं. तो हसला. मग हसू विरलं आणि त्याने मला रॅली कशी चालते ते समजावून सांगितलं. उजवीकडे ड्रायव्हर, डावीकडे नेव्हिगेटर. नेव्हिगेटर आधी तो रस्ता पाहून वळणांच्या नोट्स वहीत लिहून ठेवतो आणि शर्यतीत त्या वाचत जातो. ड्रायव्हरने डोळ्यांवर नाही, त्या आवाजावर विश्वास ठेवायचा. वळण दिसायच्या आधी स्टिअरिंग वळलं पाहिजे.

"आणि तुझ्या शेजारी कोण वाचतं?" मी विचारलं.

त्याने ताटातला भात कालवला. मग म्हणाला, "धुक्यात मी एकदाही चुकलेलो नाही, मंजिरी."

हे काही उत्तर नव्हतं. दुसऱ्या बाईचा संशय तिथेच संपला आणि वेगळाच सुरू झाला. हा माणूस डोळे असून आंधळ्यासारखी गाडी हाकत होता. कुणाच्या तरी सांगण्यावरून.

रविवारी मी म्हटलं, मीही येते.

त्याला ते आवडलं नाही. पण नाही म्हणायची सोय नव्हती. मी पट्टे सैल केले, डाव्या सीटवर बसले, आणि आम्ही निघालो.

नहरेच्या रस्त्याला लागेपर्यंत तो नीट चालवत होता. तिथे धुक्याची भिंतच होती. कुणीही शहाणा माणूस वेग कमी करेल.

त्याने वाढवला.

हॉर्न नाही, गाणी नाही. दोन्ही काचा बंद. मान थोडी डावीकडे, माझ्याकडे वळलेली. पण तो माझ्याकडे बघत नव्हता, ऐकत होता.

मग हळूच म्हणाला, "बोल ना. आज गप्प का?"

ते माझ्यासाठी नव्हतं, हे मला लगेच कळलं.

काटा ऐंशीवर गेला. मी हळू चालव म्हणायला तोंड उघडलं, आणि माझ्या मांडीपाशी...

कागद उलटल्याचा आवाज आला.

मांडीवर काहीच नव्हतं.

मी सैल केलेले पट्टे आपोआप आवळले गेले. आधी कमरेवर, मग खांद्यांवर. बारीक माणसाच्या मापापर्यंत. श्वास जेमतेम पुरत होता.

आणि माझ्या तोंडातून शब्द बाहेर पडले.

"लेफ्ट थ्री. साठ. राइट फोर."

आवाज माझाच होता. शब्द माझे नव्हते. मला त्या आकड्यांचा अर्थही माहीत नव्हता. हृषीकेशच्या चेहऱ्यावर मात्र सुटकेचं हसू आलं. गाडी डावीकडे वळली, मग उजवीकडे, आणि दोन्ही वळणं अगदी बरोबर निघाली. बाजूला नहरेचा कठडा क्षणभर दिसायचा आणि जायचा.

"स्ट्रेट. दोनशे. फ्लॅट."

फ्लॅट म्हणजे काय ते मला त्याच्या पायाकडे बघून कळलं. ॲक्सिलरेटर तळाला टेकला होता.

सरळ.

तेवढ्यात मला गुरुवार आठवला. आमचे दूधवाले याच बाजूने येतात. गुरुवारी उशिरा आले, म्हणून मी रागावले होते. ते म्हणाले होते, क्या करें दीदी, नहर वाली पुलिया तोड़ दी है, नई बनेगी, घूमकर आना पड़ता है.

पुढे पूल नव्हता.

थांब म्हणायला गेले, तर तोंडातून पुन्हा "फ्लॅट" निघालं. दुसऱ्यांदा प्रयत्न केला, पुन्हा तेच. माझा नवरा हसत हसत मरणाकडे चालला होता, आणि त्याला तिकडे मीच पाठवत होते.

खांदे जखडलेले होते. उजवा हात कोपरापासून तेवढा मोकळा होता. मधला तो उंच हँडब्रेक हाताला लागला आणि मी तो सगळा जीव लावून ओढला.

गाडी गरगर फिरली. किती वेळा ते सांगता येणार नाही. थांबली तेव्हा माझ्या काचेबाहेर एक लाल-पांढरं पिंप आडवं पडलं होतं आणि त्याच्या पलीकडे जमीन नव्हती. खाली नहरेचं पाणी वाहताना ऐकू येत होतं.

पट्टे सैल पडले होते.

मी रडत होते. हृषीकेश समोर बघत होता. इंजिन चालू होतं. त्याने सवयीने पूर्ण दोन मिनिटं ते तसंच चालू ठेवलं, टर्बो थंड होईपर्यंत. मग कुणाला तरी माफ केल्यासारखं शांतपणे म्हणाला, "नोट्स जुन्या आहेत."

सोमवारी मी रजा टाकून शकीलभाईंकडे गेले. सीट कुठून आल्या, एवढंच विचारलं. त्यांनी आधी मला खुर्ची दिली, पाणी दिलं. मग फडक्याला हात पुसले.

"भाभीजी, आपसे झूठ नहीं बोलेंगे. ड्राइवर वाली सीट सही-सलामत आई थी. बाईं तरफ वाली सीट के पट्टे कटे हुए थे. किसी को काटकर निकाला गया होगा. नए पट्टे हमने लगवाए थे."

दोन्ही सीट त्याच दिवशी काढल्या. महिन्याभरात गाडीही गेली. हृषीकेशने एका शब्दानेही विरोध केला नाही. मला वाटलं, घाबरला असेल.

आता आमच्याकडे साधी गाडी आहे. टर्बो नाही, बकेट सीट नाहीत.

परवा सकाळी सासूबाईंना आणायला आम्ही अमौसी विमानतळावर निघालो. यंदाचं पहिलं दाट धुकं. मी मागे बसले होते. धुकं पडलं की मी पुढे बसत नाही. तोंडावरून मफलर घट्ट गुंडाळलेला.

शहीद पथच्या उंच हायवेवरून खाली उतरताना एक आडवं वळण आहे. ते दिसत नव्हतं. हृषीकेशने वेग कमी न करता ते सफाईने घेतलं.

मी विचारलं, "तुला कसं कळलं?"

"तू सांगितलंस की."

मी काहीच बोलले नव्हते. निदान मला तरी तसं वाटत होतं. रस्त्याचं मी काही सांगितलं नव्हतं, हे कुणाला विचारून खात्री करणार? गाडीत आम्ही दोघंच होतो.

त्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर नहरेच्या रस्त्यावरचंच ते सुटकेचं हसू होतं.

"बोल ना," तो म्हणाला. "पुढे काय?"

विमानतळ येईपर्यंत मी मफलरवरून हात तोंडावर दाबून धरला होता. हाताखाली ओठ हलत होते.