दारावरचा हळदीचा हात

मे महिन्यात अमरावतीत मोठ्या गाडीला पॉलिश करायचं तर सकाळी नवाच्या आत, नाहीतर सावली फिरल्यावर. तापलेल्या पत्र्यावर पॉलिशचं कंपाउंड लावलं की ते मिनिटभरात कडक वाळतं आणि काढता काढता खालचा रंगही निघतो. बडनेरा रोडच्या माझ्या आवारात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला मी हे ऐकवतो. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

तिवस्याचे नत्थुजी ट्रक घेऊन आले तेव्हा दहा वाजून गेले होते. साठीचे गृहस्थ, गाडी स्वतःच चालवायचे. ड्रायव्हरच्या दारावर हळदीच्या हाताचा ठसा होता. गाडी रंगवली त्या दिवशी त्यांच्या बायकोनं, पार्वताबाईंनी, ओल्या रंगावर तो उमटवला होता आणि पेंटरनं वरून क्लिअर, म्हणजे पारदर्शक रंग, मारून पक्का केला होता. पार्वताबाई गेल्या दिवाळीत वारल्या.

"सारी गाडी चमकवा, सागरभाऊ," नत्थुजी म्हणाले. "पन या हाताले मशीन नका लावजा. फोटो हायेत घरी, पन हात इथंच हाये तिचा."

मी मान डोलावली. दुपारी एका लग्नाला जायचं होतं, म्हणून सावलीची वाट न पाहता मशीन सुरू केलं. कंपाउंड उडून ठशावर पडलं आणि वाळलं. कापडानं निघेना. अलगद एकदाच फिरवू, म्हणून मशीन टेकवलं. उचललं तेव्हा दारावर नुसता निळा रंग होता, चकाचक.

खरं सांगतो, पहिला विचार नत्थुजींचा आला नाही. आपलं नाव खराब होईल, हा आला.

समोरच्या किराण्यातून हळद आणून मी क्लिअरमध्ये कालवली. तेवढ्यात माझी बायको प्रणाली डबा घेऊन आली.

"हात दे." तिच्या उजव्या तळव्याला मी ते मिश्रण फासलं. "इथं टेकव."

"काहून? कोनाची गाडी हाये?"

"गिऱ्हाइकाची हौस हाये. टेकव."

तो पत्रा मला कापडाशिवाय धरवत नव्हता. प्रणालीनं हात टेकवला आणि तसाच ठेवला.

"पोळत नाही?"

"थंडा हाये," ती म्हणाली. "माठावानी."

हात काढताना तिला जोर लावावा लागला. ओल्या रंगानं चिकटला असेल, असं मी स्वतःला समजावलं.

चार वाजता नत्थुजी आले. ठशावर तळवा ठेवून बराच वेळ उभे राहिले. मी उगाच मशीनची वायर गुंडाळत बसलो.

"जसाच्या तसा ठेवला तुमी," ते म्हणाले, आणि माझ्या बापाच्या वयाचा तो माणूस माझ्या पाया पडायला वाकला. धरणीनं पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं.

प्रणालीच्या तळव्याची हळद काही निघाली नाही. आठवड्यानं मी थिनर लावून घासली, तरी तशीच. मग सकाळी चहा करताना तिचा उजवा हात मधेच थांबू लागला. बोटं हळूच मिटायची.

"दुखते काय?"

"नाही." ती लाजली. बारा वर्षांच्या संसारात मी तिला असं लाजताना पाहिलं नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, नस दबली असेल.

शेवटी एका दुपारी खरं सांगून टाकायचं ठरवलं आणि नत्थुजींना फोन लावला. ते अकोल्यात होते, गाडीतला माल उतरत होता.

"तुमालेच फोन लावनार होतो," ते म्हणाले. "हसू नका. मी रोज गाडी काढायच्या आंधी तिच्या हातावर हात ठेवतो. पयले नुसता पत्रा लागे. तुमी पॉलिश केल्यापासून ती बोटं धरून राह्यली. आताबी दारापाशीच उभा हावो."

मी स्वयंपाकघराकडे पाहिलं. प्रणाली पाठमोरी होती.

"बोला नं. कावून फोन केला?"

"काही नाही. गाडी कशी हाये, विचारलं."

फोन ठेवला. लाज वाटत होती आणि भीतीही.

प्रणालीनं ताट मांडलं. डाव्या हातानं. भाकर डाव्या हातानं वाढली, वरणही डाव्या हातानं ओतलं. उजवा हात पदराखाली होता.

"उजव्या हातानं वाढ नं," मी म्हणालो.

तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही.

"थांबा जराक," ती म्हणाली. "त्यायनं अजून सोडला नाही."