तगमगीसाठी एक वाक्य

तो दार चुकला म्हणून हे सगळं झालं, नाहीतर सुताराचा आणि शब्दकोशाचा काय संबंध हो? शेजारच्या दवाखान्यातलं कपाट दुरुस्त करायला आलेला माणूस करवत घेऊन थेट कोशाच्या कार्यालयात शिरला. आत ती, केसांत पेन्सिल खुपसून, एका कार्डाशी भांडत बसलेली.

"तुमची कधी तगमग झालीय?" तिनं मान वर न करताच विचारलं.

"अहो, आत्ताच तर आलोय... आधी पाणी तरी विचारा!"

तिनं वर पाहिलं आणि हसली. तिचं दुखणं वेगळंच होतं. कोशाचा नियम असा की, प्रत्येक शब्दाचं वाक्य बाहेरच्या माणसाच्या तोंडून ऐकलेलं हवं, खाली त्याची सही हवी. कार्यालयातल्यांची वाक्यं बाद. 'तगमग' तीन आठवडे अडून बसली होती.

"माझं लग्न जमत नाही म्हणून आईची तगमग होते," तो म्हणाला.

"ही काळजी झाली."

"बरं. खुर्चीवर धड बसवत नाही, सारखं इकडून तिकडे—"

"ती चुळबुळ."

"मग तगमग म्हणजे असतं तरी काय?"

"सगळं असतं हो... तरी जिवाला चैन नसते. काहीतरी हवं असतं आणि मिळत नसतं."

"काय हवं असतं?"

"ते कोशात देत नाहीत," ती म्हणाली आणि उगाचच लाल झाली.

मग काय, तो रोज नवं वाक्य घेऊन येऊ लागला. ती रोज नापास करायची. तिच्या टेबलाचा चांगला चालणारा खण अचानक अडकायला लागला, खिडकी करकरू लागली. आतल्या खोलीतल्या संपादकांना सगळं दिसत होतं, पण बिचारे कागदात डोकं घालून बसायचे.

शुक्रवारी तो म्हणाला, "परगावी वर्षभराचं काम मिळालंय. उद्या निघतो."

"छान झालं की," ती म्हणाली. डोंबलाचं छान! तिला हा माणूस हवा होता, आणि तोंडातून शब्द फुटेना. हजारो शब्दांची कार्डं समोर असून काय उपयोग?

तो दारापर्यंत पोचला तेव्हा मात्र तिला राहवलं नाही. "तुम्ही जाणार म्हटल्यापासून... माझ्या जिवाची नुसती तगमग होतेय!"

"उत्तम वाक्य!" आतून संपादक ओरडले. "पण तुमचं चालणार नाही. कार्यालयातल्यांचं बाद!"

तिला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. त्यानं मात्र पिशवी खाली ठेवली. त्याचे कान लालबुंद झाले होते.

"मग माझं लिहा," तो म्हणाला. "तुम्हाला सोडून परगावी जायचं म्हटल्यापासून माझी तगमग होतेय. खरं सांगतो, चार दिवस जेवण गोड लागलं नाही." तिनं ते कार्डावर उतरवलं आणि त्यानं खाली सही ठोकली.

संपादक बाहेर आले, चष्मा सावरत कार्ड वाचलं. "लांबलंय जरा. 'परगावी' एवढं काढता येईल?"

त्यानं तिच्याकडे पाहिलं.

"काढा," तो म्हणाला. "परगावी धाकट्या भावाला पाठवतो."