तीन हजार बाहत्तर मतं आणि एक पुरी

"ओजसच्या तोंडात काही जाण्याआधी तू स्वतः विचारायचंस, शर्वाणी. जो रांधतो त्यालाच. दुसऱ्या कुणावर सोडायचं नाही. कबूल?"

"कबूल, आई."

सकाळी पुण्यातून निघताना आईने शर्वाणीकडून हे वचन घेतलं होतं. शर्वाणी अकरा वर्षांची, ओजस पाच वर्षांचा. ओजसला शेंगदाण्याचं वावडं होतं (म्हणजे शरीर एखाद्या पदार्थालाच शत्रू समजतं). अर्धा दाणा पोटात गेला तरी त्याचे ओठ सुजत आणि श्वास अडके. म्हणून इंजेक्शनचं एक पेन कायम पिशवीत असे.

दोघं अप्पाआजोबांबरोबर चिपळूणला मामाकडे निघाली होती. गाडी स्वतःच चालत होती आणि वाटेतली माहितीही तीच सांगे. तिच्या आवाजाला ओजसने मैना हे नाव ठेवलं होतं. घाटात अर्ध्यावर पोहोचल्यावर कळलं, वरणभाताचा डबा ओट्यावरच राहिलाय. ओजस भुकेने रडवेला झाला.

"पुढे तीन ठिकाणं आहेत," मैना म्हणाली. "घाटमाथा उपाहारगृह, पाचपैकी पाच तारे, मतं चार. तृप्ती फराळगृह, चार पूर्णांक नऊ दशांश तारे, मतं तीन हजार बाहत्तर. पार्वतीबाईंची खानावळ, तीन पूर्णांक एक दशांश तारे, मतं सव्वीस. कुठे नेऊ?"

"पाच तारे! तिथेच," शर्वाणी म्हणाली.

अप्पा हसले. निवृत्त होईपर्यंत ते संख्याशास्त्र शिकवत असत. "हे तारे म्हणजे सरासरी (सगळे आकडे मिळवून, जितके आकडे तितक्यांनी भागायचं). पण ती किती जणांची? चौघांची. ते मालकाचे मेहुणेही असतील. पाचवा कुणी येऊन एकच तारा देऊन गेला, की पाचाचे होतात चार पूर्णांक दोन दशांश. तीन हजार बाहत्तर जणांत एकाने तसं केलं, तर सरासरी हलणारसुद्धा नाही. म्हणून आधी मतांची संख्या बघायची."

"मग तृप्ती?"

"तृप्ती. शिवाय आज श्रावणी सोमवार, माझा उपवास. उपवासाचं अन्न म्हणजे किती निगुतीने केलेलं. फक्त खिचडी नको, तिच्यात कूट असतं. राजगिऱ्याच्या पुऱ्या मागवू. त्यात कुठला आलाय दाणा?"

शर्वाणीला आईचं बोलणं आठवलं. तिने विचारलं, पण मैनेला. "तिथे कुणाला खाऊन त्रास झालाय?"

"तीन हजार बाहत्तर मतांत तशी एकही तक्रार नाही."

शर्वाणी निश्चिंत झाली.

तृप्तीत पाय ठेवायला जागा नव्हती. पुऱ्यांची ताटली आली, टम्म फुगलेल्या. ओजसने एक उचलली, नाकापाशी नेली.

"खा रे राजा, गरम आहे तोवर," वाढणारे काका कौतुकाने म्हणाले. "आमच्याकडे दुसरं तेल नाहीच. घाण्यावरचं ताजं शेंगदाणा तेल!"

शर्वाणीने झडप घालून पुरी उडवली. ती दोन टेबलं ओलांडून कुणाच्या तरी दह्यात पडली.

"माझी पुरी!" ओजसने भोकाड पसरलं.

अप्पांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी ओजसला उचलून बाहेर नळावर नेलं, साबणाने हात आणि तोंड दोनदा धुतलं. "चाटलीस का?"

"नाही. हुंगली."

"खरं सांग, बाळा."

"जवळून हुंगली."

पेन हातात घेऊन अप्पा गाडीत बसले. "मैना, गाडी दवाखान्याच्या दिशेला तोंड करून उभी कर. किती लांब आहे?"

"पन्नास मिनिटं."

"अर्धा तास बघू. ओठ जरा जरी सुजले तरी पेन टोचायचं आणि निघायचं."

अप्पा ओजसच्या ओठांवरून नजर हटवत नव्हते. पाच मिनिटं झाली. सहा.

"माझं चुकलं," ती पुटपुटली. "पण अप्पा, तीन हजार माणसं खोटं बोलली?"

"एकही नाही. चूक माझी आहे. चाळीस वर्षं मुलांना जे शिकवलं तेच विसरलो." अप्पांनी ओजसचा ओठ बोटाने हलकेच चाचपला. "सांग, शाळेच्या बसमध्ये चढून मी विचारलं, आज कुणाकुणाची बस चुकली, तर काय उत्तर मिळेल?"

"कुणाचीच नाही."

"का?"

"ज्यांची चुकली ती बसमध्ये नसतीलच की!"

"याला म्हणतात एकांगी नमुना (मोठ्या समूहातून घेतलेला वाटा, ज्यात एकाच तऱ्हेची माणसं भरलीत). तृप्तीत येतात ते शेंगदाणा पचणारे. त्यांना तेलाचा तो वास आवडतो, म्हणून ते तारे देतात. ज्यांना सोसत नाही ते तिथे जातच नाहीत. मग तक्रार करणार कोण? मलाही दाणा पचतो, मीही त्या तीन हजारांसारखाच. आकडा खरा होता, पण तो ओजसच्या प्रश्नाचं उत्तर नव्हता."

बारा मिनिटं. ओजसला शिंक आली. अप्पांनी पेन वर उचललं.

"धूळ," ओजस म्हणाला आणि नाक पुसलं.

शर्वाणी एकदम म्हणाली, "मैना, पार्वतीबाईंना कमी तारे का? लोकांनी काय लिहिलंय ते वाच."

"एक तारा. पुऱ्यांना तेलाचा वासच नाही. एक तारा. सूर्यफुलाच्या तेलात तळतात, उपवासाला कसं चालणार? दोन तारे. दाण्याची चटणी मागितली, तर बाई म्हणाल्या, नातीला सोसत नाही म्हणून आम्ही घरात दाणाच आणत नाही."

शर्वाणी आणि अप्पांनी एकमेकांकडे पाहिलं.

"इतरांची तक्रार, तीच आपली शिफारस," अप्पा हळूच म्हणाले.

"मी नोंद करते," मैना म्हणाली. "यापुढे तारे सांगण्याआधी विचारेन, जेवणार कोण आहे. घाटातल्या बाकीच्या गाड्यांनाही हे कळवते."

अर्धा तास सरला. ओजसचे ओठ होते तसेच होते, फक्त रुसून पुढे आलेले. अप्पांनी डोळे मिटून हात जोडले आणि पेन पिशवीत ठेवलं.

खानावळ पुढच्याच वळणावर होती. अंगणात तुळस, आत चारच टेबलं, सगळी रिकामी.

"बसा, मी मागवतो," अप्पा म्हणाले.

"ते शेवटचं मत कधीचं आहे, मैना?" शर्वाणीने विचारलं.

"गेल्या श्रावणातलं."

एक वर्ष. वर्षात तेल बदलू शकतं, रांधणारा हातही बदलू शकतो. शर्वाणीने ओजसचा हात अप्पांच्या हातात दिला. मागच्या बाजूने फोडणीचा आवाज येत होता. चपला दारात काढून, रांधणाऱ्यालाच विचारायला, ती स्वयंपाकघराकडे निघाली.